३१ हजार किलोमीटर की ७४ हजार? जुन्या परफॉर्मन्स सेडानच्या खरेदीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुनी गाडी घेण्याआधी ती तपासून देणं हे माझं काम. बहुतेक वेळा समोर स्विफ्ट असते, क्रेटा असते, फार तर इनोव्हा. आलिशान आणि वेगवान सेडान कमी येतात, पण फोनवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो त्यांच्याच पायी. खालचं प्रकरण संबंधितांना विचारून लिहिलंय. नावं, नंबर आणि गाडीची कंपनी गाळली आहे, कारण मुंबईत या गाड्यांचं वर्तुळ लहान आहे आणि विकणारे-घेणारे एकमेकांना ओळखतात.

खरेदीदार पार्ल्यात दवाखाना असलेल्या दंतवैद्य. घरात बारा वर्षं वापरलेली होंडा सिटी होती, ती विकायची होती. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे उंच एसयूव्हीत चढणं-उतरणं नको होतं. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं. एकूण तजवीज २५ लाखांची. एवढ्या पैशात नवीकोरी, चांगली, पाच वर्षांची वॉरंटी असलेली गाडी मिळते हे त्यांना माहीत होतं, आणि मीही पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. पण मनात वेगळीच गाडी बसली होती: २०१३ची युरोपीय सेडान, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यावर सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), सव्वातीनशेच्या वर अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. नवी असताना पन्नास लाखांच्या पुढची. २०२४च्या पावसाळ्यात तशाच गाड्या सोळा ते वीस लाखांत विकायला होत्या.

ओढ कशाची

हा भाग टाळून पुढे गेलो तर निर्णय कळणार नाहीत. साध्या चार दारांच्या गाडीत दांडगं इंजिन बसवायचा खेळ जुना आहे. १९५९ साली जॅग्वारची मार्क २ आली, तिच्यात ३.८ लिटरचं इंजिन मिळायचं. मर्सिडीजने १९६८ साली आपल्या अवाढव्य ६०० लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही ८ इंजिन नेहमीच्या सेडानमध्ये बसवून ३०० एसईएल ६.३ काढली. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या एम ५ मधलं इंजिन एम १ या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावरून घेतलेलं. मर्सिडीजची ५०० ई तर पोर्शच्या मदतीने तयार झाली. या सगळ्यांचं सूत्र एकच: बाहेरून कळू द्यायचं नाही. डॉक्टरांना नेमकं तेच आवडलं होतं. दवाखान्यासमोर लाल स्पोर्ट्स कार उभी केली की पेशंट बिल बघून कुजबुजणार. करड्या रंगाच्या सेडानकडे कोणी वळूनही बघत नाही.

मुंबईत ही ताकद वापरायची कुठे, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. सी लिंकवर मर्यादा ८०. कोस्टल रोडवर ८०, बोगद्यात ६०. अटल सेतूवर १००. पुणे एक्सप्रेसवेवर १००, घाटात ६०, आणि वर कॅमेरे. खरं सांगायचं तर सव्वातीनशे घोडे आठवड्यातून काही सेकंद पळतात, तेही कळंबोलीला ट्रकच्या रांगेतून बाहेर पडताना. बाकी सगळी मजा हळू वेगातली आहे: पावसात चारही चाकांची पकड, स्टिअरिंगचं वजन, खंडाळ्याच्या चढावर पाय जरा दाबला की गिअर न बदलता मिळणारी ओढ, दार बंद होतानाचा आवाज. नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही कितीही चांगली असली तरी हे देत नाही. हे ज्याला हवंय त्याला "त्यापेक्षा नवी क्रेटा घ्या" हा सल्ला देण्यात अर्थ नसतो. मी एकदा देऊन बघतो, मग गप्प बसतो.

या जातीचे ठरलेले आजार

वेगवान आलिशान गाड्या बेभरवशाच्या असतात असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. त्या बिघडतात, पण बहुधा ठरलेल्या जागी बिघडतात. ई ६० पिढीच्या बीएमडब्ल्यू एम ५ चं पाच लिटरचं व्ही १० इंजिन कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि तिचा एसएमजी गिअरबॉक्स त्याच्या हायड्रॉलिक पंपासाठी. मर्सिडीज सी ६३ मधल्या ६.२ लिटर इंजिनात सुरुवातीच्या वर्षांचे सिलिंडर हेडचे बोल्ट तुटायचे. ऑडीच्या चार लिटरच्या टर्बो व्ही ८ मध्ये टर्बोला तेल पुरवणारी बारीक जाळी काजळीने बुजते आणि टर्बो कोरडे पडतात. बीएमडब्ल्यूच्या एन ६३ इंजिनात टर्बो दोन बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या दरीत बसवलेत, त्या उष्णतेत व्हॉल्व्हची सीलं कडक होऊन गाडी तेल पिते. जॅग्वारच्या पाच लिटर इंजिनात प्लास्टिकचे कूलंट पाइप वयानुसार ठिसूळ होतात.

आपल्या प्रकरणातल्या गाडीची यादी अशी होती. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप गळतात. व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या टायमिंग चेनला ताणून धरणारे टेन्शनर झिजले की थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखडाट ऐकू येतो, आणि या चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने तिथवर पोचायला इंजिनच खाली घ्यावं लागतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे ते हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व्ह धुवून काढत नाही. तेलाची वाफ तिथे चिकटून काजळीचा थर बसतो. गिअरबॉक्समधलं मेकॅट्रॉनिक, म्हणजे तेलाच्या झडपा आणि संगणक यांचा एकत्र डबा, त्यातल्या सर्किट बोर्डमुळे जातं. पुढच्या सस्पेन्शनचे प्रत्येक बाजूला चार असे आठ आर्म, आणि त्यांचे रबरी बुश आपल्या खड्ड्यांपुढे टिकत नाहीत.

यात कंपनीच्या कोणत्याही पुस्तकात नसलेला एक आजार मुंबई घालते: उंदीर. बेसमेंट पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या आलिशान गाडीचं वायरिंग कुरतडलेलं मी इतक्यांदा पाहिलंय की बॉनेट उघडल्यावर आधी लेंड्या शोधतो.

अडचण: आधी टोकन, मग तपासणी

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी पश्चिम उपनगरातल्या एका डीलरकडे ५० हजारांचं टोकन भरलं होतं. गाडी हरियाणा पासिंग, एकच मालक, फक्त ३१ हजार किलोमीटर, मागणी १९.२५ लाख. काचेसारखी चकचकीत, सीटच्या चामड्याला सुरकुती नाही. "नाशिकची पार्टी शनिवारी पैसे घेऊन येतेय," असं डीलरने सांगितलं आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे पैसे पाठवले. पावतीवर "टोकन परत मिळणार नाही" असं छापलेलं होतं.

या प्रकरणातलं पहिलं वळण हेच, आणि ते मी चित्रात येण्याआधीच घेऊन झालं होतं. टोकन देणं चूक नाही. चांगली गाडी खरंच दोन दिवसांत जाते. पण "स्वतंत्र तपासणीत गाडी नापसंत झाली तर पूर्ण रक्कम परत" हे एक वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं असतं तर पुढचा सगळा खेळ बदलला असता. जो डीलर हे लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्या गाडीबद्दल तिथेच निम्मी माहिती मिळते.

पहिल्या गाडीच्या तपासणीत काय निघालं

डीलरला आदल्या दिवशी बजावून सांगितलं होतं की गाडी थंड ठेवा, आम्ही येऊन सुरू करू. आम्ही पोचलो तेव्हा बॉनेट हाताला गरम लागलं. "मॅडम, धुवायला बाहेर काढली होती." असेलही. स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड, म्हणजे संगणकातली बिघाडाची नोंद, नाही. अकरा वर्षांच्या एवढ्या गुंतागुंतीच्या गाडीत एकही कोड नसणं हीच संशयाची जागा. अशा गाड्यांचा संगणक कोड पुसल्यापासून गाडी किती चालली हे वेगळं जपतो, आणि उत्सर्जनाच्या आपल्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या की नाहीत हेही दाखवतो. इथे आकडा होता १४ किलोमीटर, चाचण्या बहुतेक अपूर्ण. म्हणजे कोड कालपरवाच पुसले होते.

मीटर मागे फिरवलाय का, हा डॉक्टरांचा पहिला संशय. तो खोटा ठरला. गिअरबॉक्सच्या संगणकातले किलोमीटर आणि मीटर जुळत होते. टायरवरचा चार आकडी शिक्का २०१३च्या बाविसाव्या आठवड्याचा, म्हणजे गाडीसोबत आलेलेच टायर. पुराच्या पाण्याची खूणही नव्हती: स्टेपनीच्या खळग्यात गाळ नाही, सीटबेल्ट पूर्ण ओढून बघितले तर पाण्याची रेघ नाही, सीटखालच्या पट्ट्यांना गंज नाही. गाडी खरोखरच कमी चाललेली होती.

आणि तीच तिची मुख्य अडचण होती. अकरा वर्षांत ३१ हजार म्हणजे महिन्याला अडीचशेसुद्धा नाही. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. व्हॉल्व्हवरच्या काजळीला याहून पोषक वातावरण नाही. सर्व्हिस बुकात मधली तीन वर्षं कोरी. किलोमीटर झाले नाहीत म्हणून तेल बदललं नाही, पण तेल वयानेही खराब होतं हे कोणी लक्षात घेतलं नव्हतं. थर्मोस्टॅटच्या जोडाजवळ वाळलेल्या कूलंटचे गुलाबी ओघळ. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर इंजिन तापायला वेळ लागतो, पण ही खूण मुंबईच्या उकाड्यात लपते, थंड प्रदेशात लगेच लक्षात येते.

थंड इंजिन ऐकल्याशिवाय मी अहवाल देत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शोरूम उघडायच्या वेळी न सांगता गेलो. सुरू करताच खडखडाट, अगदी थोडा वेळ, मग शांत. मागच्या बाजूने. एस. व्ही. रोडच्या गर्दीत अर्धा तास रांगत चालवल्यावर दुसऱ्यावरून पहिल्या गिअरवर येताना धक्का बसू लागला.

कागदांचा भाग वेगळा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग इथे वयानुसार घटवलेला एकरकमी कर, आणि हरियाणाच्या कराचा परतावा मागायचा तो तिथे. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ साली उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या वय होत आलेल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येऊ लागल्या. स्वस्त असण्याचं कारण त्यामुळे नेहमी बिघाडच असतो असं नाही, पण करासकट किंमत धरली की स्वस्ताई बरीच विरते.

पर्याय

डॉक्टरांसमोर मी चार वाटा ठेवल्या.

पहिली, हीच गाडी भाव पाडून घ्यायची. चेन, काजळी, वॉटर पंप-थर्मोस्टॅट, टायर, बॅटरी धरून माझा अंदाज सहा ते नऊ लाखांचा होता, कारण गिअरबॉक्स उघडल्याशिवाय वरचा आकडा सांगता येत नव्हता. डीलर ६० हजार उतरायला तयार होता. हिशेब बसत नव्हता.

दुसरी, ठाण्यातल्या एका मालकाची त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची गाडी. ७४ हजार किलोमीटर, मागणी १७.७५. बंपर पुन्हा रंगवलेला, दोन अलॉय फुटपाथला घासलेले, ड्रायव्हरच्या सीटला घडी. पण सोबत बिलांची फाइल. ५५ हजारांवर सुपरचार्जर उतरवून काजळी साफ केलेली, तीही अक्रोडाच्या टरफलांची भुकटी दाबाने मारून, आणि सुपरचार्जर खाली आलाच आहे म्हणून त्याच्या खाली असलेला, इंजिनातली तेलाची वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर व्हॉल्व्हही बदललेला. ६० हजारांवर गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर. हे वाचल्यावर माणूस कळतो. सुपरचार्जर एकदा उतरवला की काय काय उरकून घ्यावं हे ज्याला माहीत आहे, त्याने बाकी गाडीही बहुधा तशीच ठेवलेली असते. थंड इंजिन शांत. स्कॅनरवर जुने तीन किरकोळ कोड, ते मालकाने स्वतःच आधी सांगितले. मेकॅट्रॉनिक मात्र मूळचंच, आणि तसं मी अहवालात ठळक लिहिलं.

तिसरी वाट, ड्युअल क्लचऐवजी झेडएफ या कंपनीच्या आठ गिअरच्या नेहमीच्या ऑटोमॅटिकची दुसरी एखादी सेडान शोधायची. मुंबईसाठी माझी पसंती हीच असते. बंपरला बंपर लावून रांगताना ड्युअल क्लच तापतो, नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलातून ताकद पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला त्याचं काही वाटत नाही. फक्त "गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर पुरतं" हे गाडीच्या कंपन्यांचं वाक्य ऐकायचं नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते.

चौथी, नवी गाडी. त्यांनी ती ऐकून घेतली.

निर्णय

"डॉक्टर, पन्नास हजार सोडवत नाहीत म्हणून एकोणीस लाख घालू नका," एवढंच मी म्हटलं. त्या दोन दिवस अस्वस्थ होत्या. चकचकीत गाडी सोडून घासलेल्या अलॉयची, दुप्पट चाललेली घ्यायची हे घरच्यांना पटेना. त्यांचे बंधू म्हणाले, "अगं, चौऱ्याहत्तर हजार म्हणजे संपलेली गाडी!" मग डॉक्टरांनी स्वतःच्याच धंद्यातलं उत्तर दिलं: ज्या दाताचं रूट कॅनल झालंय आणि एक्स-रे हातात आहे तो बरा, की ज्याला कोणी कधी हातच लावला नाही तो?

डीलरने टोकन परत द्यायला नकार दिला. माझा लेखी अहवाल, कोड पुसल्याचा आकडा आणि थंड इंजिनाचा व्हिडिओ पाठवल्यावर त्याने निम्मी रक्कम परत केली. बाकी २५ हजार गेले. ग्राहक आयोगात जायचा विचार झाला, पण पावतीवरची ओळ आणि लागणारा वेळ बघून त्यांनी सोडून दिलं.

ठाण्याची गाडी १६.४० लाखांत ठरली. पैसे देण्याआधी तीन गोष्टी तपासल्या: बाकी असलेली ई-चलनं, आरसीवर कर्जाचा बोजा, आणि इंजिन-चासी क्रमांक. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोरासमोर. विम्याचं हस्तांतर चौदा दिवसांत करायचं असतं, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, हे अनेकांना क्लेम नाकारल्यावरच कळतं. अकरा वर्षांच्या गाडीला इंजिनात पाणी शिरण्यापासून संरक्षण देणारी जोड पॉलिसी कुठेच मिळाली नाही. तेव्हा एकच नियम ठरला: जोराच्या पावसात मिलन किंवा अंधेरी सबवे दिसला की गाडी वळवायची, नाहीतर त्या दिवशी रिक्षा.

माझी अट आणखी एक होती, आणि ती मी या जातीच्या गाडीला नेहमीच घालतो. गाडीच्या किमतीच्या साधारण पाव हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि पहिली दोन वर्षं त्याला गाडीखेरीज हात लावायचा नाही. किंमत घसरते ती गाडीची. पार्ट मात्र पन्नास लाखांच्या गाडीचेच असतात, त्यांच्या किमती वाढतच जातात.

हातात आल्यावर केलेली कामं

ऑक्टोबरात गाडी घेतली आणि लगेच तीन आठवडे गॅरेजला ठेवली. स्वतंत्र गॅरेज, पण त्याच कंपनीच्या गाड्यांवर हात बसलेलं. पुढचे आठही आर्म १,०५,०००. चार टायर ९६,०००. पुढच्या डिस्क आणि पॅड ८८,०००. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट गळायची वाट न बघता ७४,०००. कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, फिल्टर ३८,०००. एकूण ४,०१,०००. आर्मचे पार्ट ऑपेरा हाऊसच्या दुकानदाराकडून आणले: कंपनीच्या डब्यातले नाहीत, पण मूळ कंपनीला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचे.

पेट्रोलबद्दल प्रश्न आला. या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हवं असतं. साधं भरलं तर गाडी बंद पडत नाही, संगणक स्पार्क उशिरा देतो आणि ताकद कमी होते. म्हणून ९५ किंवा त्यावरचं भरायचं ठरलं. शिवाय ही गाडी वीस टक्के इथेनॉल लक्षात घेऊन बनलेली नाही, त्यामुळे आठवडेच्या आठवडे टाकी अर्धी ठेवून उभी करायची नाही.

बॅटरी बदलली तर नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, हे डॉक्टरांना डायरीत लिहून दिलं. न केल्यास चार्जिंग चुकतं आणि भलतेच दिवे लागतात.

जुलैमधला बिघाड

नऊ महिने गाडी बिनतक्रार चालली. जुलै २०२५ मध्ये पश्चिम द्रुतगती मार्गावर जोगेश्वरीपाशी गर्दीत असताना डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकू लागली आणि गाडी धक्के देत पुढे जाऊ लागली. कशीबशी घरी आणली. ड्युअल क्लचमध्ये एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम गिअर. या गिअरबॉक्सचा रिव्हर्स सम बाजूला आहे. सम बाजू बंद पडली होती. म्हणजे गाडी पुढे जात होती, मागे नाही, आणि उभी होती ती नेमकी बिल्डिंगच्या भिंतीला नाक लावून. वॉचमन, वरच्या मजल्यावरची दोन मुलं आणि इस्त्रीवाला यांनी न्यूट्रलमध्ये पावणेदोन टनांचं ते धूड ढकलून मागे घेतलं.

इथे दुसरा मोठा निर्णय आला. अधिकृत वर्कशॉपमध्ये नवं मेकॅट्रॉनिक बसवायचा अंदाज पाच लाखांच्या पुढे. कुर्ल्याच्या बाजारातून भंगारात निघालेल्या गाडीचं जुनं युनिट ८० हजारांत मिळत होतं, पण त्याचाही बोर्ड तेवढ्याच वयाचा, आणि ते गाडीच्या संगणकाशी जुळवून घेणं सगळ्या गॅरेजना जमत नाही. तिसरा मार्ग: आहे तेच युनिट उघडून फक्त बिघडलेला बोर्ड बदलायचा, तेल आणि फिल्टर नवे घालायचे, क्लचचं अ‍ॅडाप्टेशन (संगणकाशी जुळवणी) पुन्हा करायचं. खर्च १,३५,०००, वॉरंटी फक्त सहा महिने.

डॉक्टर एकदम म्हणाल्या, "विकूनच टाकू का?" हा मोह या क्षणी सगळ्यांना होतो. बंद पडलेली गाडी विकली तर पाच लाख कमी मिळतात, दुरुस्त करून विकली तर नाही, म्हणून विकायचंच असेल तरी आधी दुरुस्ती. बोर्ड बदलला. पैसे वेगळ्या खात्यातून गेले, त्यामुळे घरात वाद झाला नाही. तेव्हापासून गिअर ठीक आहेत.

हिशेब

गाडी १६.४० लाख, सुरुवातीची कामं ४.०१ लाख, हस्तांतर आणि विमा साधारण ६० हजार, बुडालेलं टोकन २५ हजार. पहिल्या वर्षात पुढे गिअरबॉक्स १.३५ लाख, वार्षिक सर्व्हिस ३२ हजार, आणि मेट्रोच्या कामाजवळच्या खड्ड्यात वाकलेला अलॉय व फुगलेला टायर मिळून ४१ हजार. सगळं मिळून २३.३४ लाख. ठरवलेल्या २५ लाखांत बसलं, पण काठोकाठ. आज ती विकली तर पंधराच्या आसपास मिळतील. पहिली गाडी मात्र डीलरकडे पुढेही बरेच महिने उभी दिसत होती. नाशिकची पार्टी बहुधा घाटातच अडकली असावी.

वेगळं काय करता आलं असतं

टोकनचं वर आलंच. दुसरा मुद्दा मेकॅट्रॉनिकचा. डॉक्टरांच्या बंधूंचं म्हणणं असं, की हा पार्ट जातो हे माहीत होतं तर घेतानाच बदलायला हवा होता. मला ते पटत नाही. वॉटर पंप आधी बदलणं शहाणपणाचं, कारण तो गेला तर इंजिन तापून मोठं नुकसान होतं. मेकॅट्रॉनिक गेलं तर गाडी रखडते, पण दुसरं काही मोडत नाही. आणि बिघाड नसताना बोर्ड उघडला तर नवा बोर्ड जुन्यापेक्षा जास्त टिकेल याची हमी कोणी देत नाही. तिथे पैसे बाजूला ठेवणंच पुरेसं होतं. भाव करताना मात्र हा मुद्दा अजून ताणता आला असता. मूळचं मेकॅट्रॉनिक म्हणून विकणाऱ्याने आणखी ४०-५० हजार सोडले असते असं मला वाटतं, पण डॉक्टरांना फाइल इतकी आवडली होती की त्यांनी १६.४० ऐकताच हात पुढे केला.

तिसरा मुद्दा गिअरबॉक्सच्या निवडीचा. रोज पार्ले ते अंधेरी रांगणाऱ्या माणसाने ड्युअल क्लच घेऊ नये, असं मी आजही म्हणेन. त्या मात्र म्हणतात की खंडाळ्यात गिअर ज्या वेगाने पडतात त्यासाठीच घेतली, आणि रोजच्या रांगेसाठी आता मेट्रो आहे. दवाखान्यात त्या खरंच मेट्रोने जाऊ लागल्या आहेत.

नोंदणीची पंधरा वर्षं २०२८ साली भरतील. तेव्हा फिटनेस करून पुनर्नोंदणी घ्यायची की त्याआधीच विकायची, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. सध्याचं काम इंजिनाला आधार देणाऱ्या माउंटचं. रेड लाइटला गाडी थांबली की स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवते. पार्ट मागवलेत, दुकानदाराने तीन आठवडे सांगितलेत, म्हणजे पाच धरून चाललोय.